मधुमेह आणि थायरॉइडवरचं 'नवं संशोधन' कसं वाचायचं? पायरीपायरीने

मधुमेह, थायरॉइड, पीसीओडी, लठ्ठपणा यांवर दर आठवड्याला काहीतरी 'नवं संशोधन' आपल्या फोनवर येऊन धडकतं. कधी एखादी बी, कधी जीवनसत्त्व, कधी नवं इंजेक्शन. घरात कोणाची साखर वाढलेली असेल तर असा मजकूर वाचून आशा वाटते, आणि ती वाटणं अगदी साहजिक आहे. पण याच आशेपायी चांगली चालू असलेली औषधं बंद करणारी माणसंही आपल्या आजूबाजूला दिसतात. म्हणून हा लेख डॉक्टर नसलेल्या, पण नीट वाचण्याची तयारी असलेल्या माणसासाठी आहे. रुग्ण, त्यांचे नातेवाईक, विज्ञान शिकवणारे शिक्षक आणि आरोग्यावर लिहिणारे पत्रकार या सगळ्यांना या पायऱ्या वापरता येतील.

संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या संशोधनात एक खास अडचण असते. इथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा आकडा मिळतो: साखर, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं), इन्सुलिन, कोलेस्टेरॉल. आकडा सुधारला की माणूस सुधारला असं वाटू लागतं. तसं दरवेळी होत नाही, आणि खालच्या बहुतेक पायऱ्या याच फरकाभोवती फिरतात.

पायरी १: बातमी सोडा, मूळ निबंध गाठा

बातमीत नियतकालिकाचं नाव, संशोधकांचं नाव किंवा निदान संस्थेचं नाव आहे का ते पाहा. असेल तर 'पबमेड' या मोफत संकेतस्थळावर तो निबंध शोधा. त्याचा सारांश तिथे फुकट वाचता येतो आणि 'पबमेड सेंट्रल'वर पुष्कळदा पूर्ण निबंधही मिळतो. काहीच सापडलं नाही तर बहुधा ते एखाद्या परिषदेतलं सादरीकरण असतं, कंपनीचं प्रसिद्धिपत्रक असतं किंवा निव्वळ कोणाचं तरी म्हणणं असतं. त्यावरून औषधात बदल करू नये, इतकं त्या वेळी पुरे.

सारांश मिळाला की निष्कर्षाचं वाक्य आधी वाचू नका. 'पद्धती' या भागापासून सुरुवात करा. निष्कर्षात लेखकांना काय वाटतं ते असतं. त्यांनी प्रत्यक्षात काय केलं, हे पद्धतींच्या भागात असतं.

पायरी २: पेशी, उंदीर की माणूस?

मूलभूत संशोधन काचेच्या बशीतल्या पेशींवर किंवा प्राण्यांवर होतं आणि रुग्णांवरचं संशोधन माणसांवर. पहिल्याला कमी लेखायचं कारण नाही. इन्सुलिनचा रस्ता १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतूनच पुढे गेला. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं, तेव्हा अर्क अशुद्ध होता आणि फारसा उपयोग झाला नाही. त्यांच्याच गटातले जीवरसायनतज्ज्ञ कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा दिला, आणि मुलाची साखर उतरली. हल्लीच्या वजन व साखर उतरवणाऱ्या इंजेक्शनांच्या गटातलं पहिलं औषध, एक्झेनाटाइड, गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या रेणूपासून आलं. तो रेणू जॉन इंग यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला आणि औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये मंजुरी मिळाली. यशस्वी झालेल्या शोधालाही मध्ये १३ वर्षं लागली.

आता लेप्टिनचं उदाहरण पाहू, कारण उंदरापासून माणसापर्यंतची वाट किती वाकडी असते ते यात नीट दिसतं. जेफ्री फ्रिडमन यांच्या गटाने १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये एक जनुक शोधून काढलं. ते बिघडलेले उंदीर अखंड खात राहतात आणि प्रचंड लठ्ठ होतात. त्या जनुकापासून चरबीच्या पेशींमध्ये लेप्टिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि 'साठा पुरेसा आहे, आता खाणं आवर' असा निरोप ते मेंदूला पोचवतं. या उंदरांना लेप्टिन टोचलं आणि ते झरझर बारीक झाले. लठ्ठपणावरचं औषध हाती आलं असं जगभर वाटू लागलं. माणसांत तपासल्यावर मात्र वेगळंच निघालं. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसून उलट जास्तच असतं. निरोप भरपूर जातो, मेंदू त्याला दाद देत नाही. त्यामुळे वरून आणखी लेप्टिन देऊन बहुतेकांचं वजन फारसं हललं नाही.

म्हणून तो शोध वाया गेला असं मात्र नाही. जन्मतःच लेप्टिन न बनणारी मुलं अगदी विरळा असतात. अशा मुलांचं पहिलं वर्णन केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ मध्ये केलं. त्यांना लेप्टिन दिल्यावर भूक आणि वजन दोन्ही आटोक्यात आलं. म्हणजे उंदरावरचा निष्कर्ष खराच होता, पण तो ज्यांच्यात तोच बिघाड आहे त्यांच्यापुरता. 'उंदरांमध्ये मधुमेह बरा झाला' असं वाचलंत की लगेच पुढचा प्रश्न विचारा: त्या उंदरातला बिघाड आणि आपल्या घरातल्या रुग्णातला बिघाड एकच आहे का? रसायन टोचून स्वादुपिंडाच्या पेशी मारलेला उंदीर आणि पोटाचा घेर वाढलेला पन्नाशीतला माणूस या दोघांनाही मधुमेह असतो, पण त्यांचे आजार वेगळे.

पायरी ३: नुसतं पाहिलं, की प्रयोग केला?

माणसांवरच्या अभ्यासाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात संशोधक फक्त नोंदी ठेवतात: कोण काय खातं, कोणाला काय होतं. दुसऱ्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोक दोन गटांत वाटले जातात. एका गटाला औषध मिळतं आणि दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कारण सिद्ध करायचं तर दुसरा प्रकार लागतो.

हे किती महत्त्वाचं आहे ते पाळी कायमची गेल्यानंतरच्या हार्मोन गोळ्यांनी दाखवून दिलं. या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असं अनेक वर्षं नोंदींवरून दिसत होतं. मग अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं गेलं. २००२ मध्ये ती चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही घेणाऱ्या गटात हृदयविकार आणि स्तनाचा कर्करोग कमी होण्याऐवजी किंचित वाढलेले दिसले. मग आधीच्या नोंदी खोट्या होत्या का? नाही. स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. त्यांच्या चांगल्या तब्येतीचं श्रेय गोळीच्या खात्यावर जमा झालं होतं. (तीव्र त्रास असलेल्या, पाळी जाऊन फार वर्षं न झालेल्या स्त्रियांना डॉक्टर आजही विचारपूर्वक हे उपचार देतात. प्रश्न कोणाला आणि कशासाठी याचा आहे.)

पुण्यातलं उदाहरण मला यात फार मोलाचं वाटतं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये आयांच्या आहाराचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात आईच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त आणि बी-१२ हे कमी असेल, तर सहा वर्षांच्या मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसते, असं त्यांनी २००८ मध्ये मांडलं. हा संबंध होता, कारण सिद्ध झालं नव्हतं. तिथेच न थांबता त्याच कुटुंबांतल्या मुलामुलींना किशोरवयातच बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे तपासणारी चाचणी २०१२ मध्ये सुरू झाली. आधी धागा सापडला, मग तो ओढून पाहिला. संशोधन असं चालतं, आणि त्याला पिढ्या लागतात.

पायरी ४: मोजलं काय? इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

प्रत्येक चाचणीला एक 'प्राथमिक निष्पत्ती' असते, म्हणजे कशावरून यश ठरवायचं ते आधीच लिहून ठेवलेलं माप. ते शोधून काढा. ते रक्तातला आकडा आहे, की रुग्णाला प्रत्यक्ष जाणवणारी गोष्ट? हार्ट अटॅक, दृष्टी जाणं, डायलिसिस, पाय कापावा लागणं, मृत्यू, रोजचा थकवा या जाणवणाऱ्या गोष्टी. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, हा आकडा.

अमेरिका आणि कॅनडातल्या 'अकॉर्ड' चाचणीत टाइप २ मधुमेहाचे आणि हृदयविकाराचा धोका जास्त असलेले १०,२५१ रुग्ण होते. एका गटात एचबीए१सी ६ च्या खाली आणण्यासाठी जोर लावला गेला, दुसऱ्यात ७ ते ७.९ च्या दरम्यान ठेवायचं होतं. आकड्यांच्या बाबतीत पहिला गट जिंकला: ६.४ विरुद्ध ७.५. पण मृत्यू मोजले तेव्हा पहिल्या गटात २५७ आणि दुसऱ्यात २०३ निघाले. २००८ मध्ये जोराचे उपचार मध्येच थांबवले गेले. याउलट ब्रिटनमधल्या 'यूकेपीडीएस' अभ्यासात मधुमेहाचं निदान नुकतंच झालेल्यांमध्ये साखर नीट आवरल्याने डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासांत सुमारे २५ टक्के घट दिसली. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. म्हणूनच पंचविशीतल्या रुग्णाला आणि पंचाहत्तरीतल्या हृदयरुग्णाला डॉक्टर साखरेचं लक्ष्य वेगवेगळं देतात.

थायरॉइडचंही असंच. 'ट्रस्ट' या युरोपातल्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले. तिच्यात ६५ आणि त्यापुढच्या वयाचे ७३७ लोक होते. त्यांचं टीएसएच थोडं वाढलेलं होतं, पण थायरॉइडचं मूळ संप्रेरक व्यवस्थित होतं. वर्षभराने गोळी घेणाऱ्यांचं सरासरी टीएसएच ३.६३ वर आलं, प्लासिबो घेणाऱ्यांचं ५.४८ राहिलं. आकडा छान उतरला. पण थकवा आणि इतर लक्षणं दोन्ही गटांत सारखीच राहिली. इथे एक गोष्ट ठासून सांगतो: हा निष्कर्ष वयस्कर लोकांमधल्या सौम्य बिघाडापुरता आहे. ज्यांचं थायरॉइड खरोखर कमी आहे, किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी हे वाचून एक दिवसही गोळी चुकवू नये.

रोसिग्लिटाझोन या गोळीने साखर उत्तम उतरायची. २००७ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर तिच्यामुळे हार्ट अटॅक वाढत असल्याचा संशय पुढे आला. भारतात २०१० साली तिच्यावर बंदी आली. पुढे पुनर्तपासणीनंतर अमेरिकेने २०१३ मध्ये आपले निर्बंध सैल केले, पण या वादातून एक फार चांगली गोष्ट झाली होती. मधुमेहाच्या नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे दाखवा, असा दंडक अमेरिकी नियामकांनी २००८ मध्ये घातला. आज आपल्याला या औषधांबद्दल जे ठामपणे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या दंडकामुळे झालेल्या मोठ्या चाचण्यांतून आलंय.

आकडा मुळात बरोबर मोजला गेला का, हेही बघावं लागतं. लोहाच्या कमतरतेने ॲनिमिया असेल तर एचबीए१सी खरी साखर असते त्याहून जास्त दाखवू शकतं. रक्तपेशी लवकर फुटत असतील तर कमी दाखवतं. आपल्याकडे ॲनिमिया घरोघरी आहे, त्यामुळे केवळ एचबीए१सीवर बेतलेला भारतीय अभ्यास वाचताना हिमोग्लोबिनची नोंद आहे का ते मी आवर्जून बघतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटं कमी दिसतं. थायरॉइडची तपासणी करायची असेल तर त्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात आणि लॅबमध्ये तसं सांगावं.

पायरी ५: टक्के वाचू नका, माणसं मोजा

कागद-पेन घ्या. 'एम्पा-रेग' या २०१५ च्या चाचणीत मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेले ७,०२० रुग्ण होते. एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळीमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू '३८ टक्क्यांनी कमी' झाले, अशी बातमी आली. ती खरी आहे. पण निबंधातले मूळ आकडे पाहा: प्लासिबो गटात ५.९ टक्के, औषध गटात ३.७ टक्के. वजाबाकी करा, २.२ आले. आता १०० ला २.२ ने भागा, सुमारे ४५. म्हणजे अशा ४५ रुग्णांना साधारण तीन वर्षं औषध दिल्यावर एकाचा हृदयविकाराने होणारा मृत्यू टळतो.

शेजारी चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा २००६ चा अभ्यास ठेवा. साखर वाढलेली पण अजून मधुमेह न झालेले ५३१ भारतीय त्यात होते. तीन वर्षांत नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार सुधारून रोज निदान अर्धा तास चालणाऱ्या गटात ३९.३ टक्क्यांना. बातमीच्या भाषेत ही घट '२८.५ टक्के' होते, म्हणजे ३८ पेक्षा लहान. पण वजाबाकी १५.७ येते, आणि भागाकार साडेसहाच्या आत. दर सहा-सात जणांमागे एकाचा मधुमेह त्या तीन वर्षांपुरता तरी टळला. मृत्यू टळणं आणि मधुमेह टळणं एकाच तराजूत घालता येत नाहीत, हे लक्षात ठेवूनही मला हा आकडा थक्क करतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ४०.५ टक्के, आणि चालणं अधिक मेटफॉर्मिन या गटात ३९.५ टक्के, म्हणजे दोन्ही एकत्र करून जास्तीचं काही हाती लागलं नाही.

निष्कर्षाशेजारी कंसात दोन आकड्यांची पट्टी असते, तीही बघा. ड जीवनसत्त्वाने मधुमेह टळतो का, हे तपासणाऱ्या २०१९ च्या चाचणीत २,४२३ लोक होते. दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर (१ म्हणजे काहीच फरक नाही) ०.८८ आलं आणि पट्टी ०.७५ ते १.०४. म्हणजे खरा परिणाम २५ टक्के घटीपासून ४ टक्के वाढीपर्यंत कुठेही असू शकतो. पट्टीत १ हा आकडा येत असेल तर 'फायदा झाला' असं म्हणता येत नाही.

पायरी ६: त्या लोकांत आपण बसतो का?

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच दोन फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. उंची-वजनाच्या एकाच आकड्यामागे दोन वेगळी शरीरं होती. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांतही हेच दिसलं होतं. वजनाने ती ब्रिटिश बाळांपेक्षा बरीच कमी, सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात. परदेशी निबंधात 'बीएमआय ३० च्या वरचे' ही अट असेल, तर आपल्याकडचे कित्येक मधुमेही त्या चाचणीत घेतलेच गेले नसते.

वय, मूत्रपिंडाची स्थिती, गरोदरपण, आजाराची वर्षं हेही याच भागात तपासा. कोणाला घेतलं यापेक्षा कोणाला वगळलं ही यादी पुष्कळदा जास्त बोलकी असते.

पायरी ७: नोंदणी आणि पैसा

भारतातल्या चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया', म्हणजे सीटीआरआय, या सरकारी नोंदवहीत होते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधचाचण्यांना नोंदणी सक्तीची आहे. संकेतस्थळावर कोणालाही फुकट शोधता येतं. नोंदणी क्रमांकात वर्ष आणि महिना असतो. पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद झाली होती का आणि तिथे लिहिलेली प्राथमिक निष्पत्ती निबंधात तीच आहे का, हे जुळवून पाहा. ती मध्येच बदलली असेल तर सावध व्हा. खर्च कंपनीने केला असेल तेवढ्यावरून निबंध फेकून देऊ नका. एम्पा-रेगचा खर्चही औषध कंपन्यांनीच केला होता. फक्त तुलना कशाशी केली ते पाहा: प्लासिबोशी, की आज मिळणाऱ्या चांगल्या, स्वस्त औषधाशी?

पायरी ८: 'चाचणीत भाग घ्याल का?' असं तुम्हालाच विचारलं तर

घाबरू नका आणि घाईही करू नका. वर आलेली प्रत्येक माहिती कोणीतरी 'हो' म्हटलं म्हणून मिळाली आहे. आपल्याकडे २०१९ पासून नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांची स्वतंत्र चौकट आहे. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं. मराठी प्रत मागा, घरी न्या, घरच्यांना वाचायला द्या आणि सही केल्यावर एक प्रत स्वतःकडे ठेवा. चाचणी कधीही, कारण न देता सोडता येते, आणि त्याचा तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे.

डॉक्टरांना हे जरूर विचारा: ही चाचणी कोणत्या टप्प्यातली आहे? पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षितता आणि मात्रा पाहतात, तिसऱ्यात मोठ्या गटावर परिणाम तपासतात, त्यामुळे जोखीम सारखी नसते. मला प्लासिबो मिळाला तर माझी आत्ताची औषधं चालू राहतील का? मधुमेहात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. साखर अमुकच्या वर गेली तर काय करणार, हे कागदावर आहे का? रात्री साखर एकदम उतरली तर फोन कोणाला करायचा? चाचणी संपल्यावर औषध लागू पडलं असेल तर पुढे मिळेल का? चाचणीचं औषध किंवा चाचणीपुरत्या तपासण्या यांचे पैसे कोणी मागितले, तर थेट एथिक्स कमिटीकडे, म्हणजे चाचणीतल्या लोकांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडे, विचारणा करा. तिचा संपर्क संमतीपत्रावर छापलेला असतो. सही करण्याआधी तो फोन लागतो का, तेही एकदा लावून पाहा.